तंबू डोंगरात आणि भांडी माझ्याच हातात

या वेळचं पत्र आधी देतो, थोडं छोटं करून.

"नमस्कार दादा, आम्ही सहा जण पुढच्या महिन्यात चार रात्रींसाठी डोंगरात कॅम्पिंगला चाललोय. मी, हे, मुलगी 11 वर्षांची, मुलगा 5 चा, सासूबाई (वय 68, गुडघे आणि बीपी) आणि नणंद. गाडी आपलीच, तंबू लावायची जागा साधारण 2400 मीटरवर. वाद असा आहे की ह्यांचं म्हणणं तिन्ही वेळचं जेवण आपणच कॅम्पवर करायचं, हॉटेलात जेवायचं असेल तर मग घरीच बसा ना. मला तर वाटेतल्या छोट्या छोट्या हॉटेलांत थांबून तिकडचं जेवण जेवायचंय. सासूबाई म्हणतात बाहेरचं नको, पोट बिघडेल. मागच्या वेळी दोनच रात्री गेलो होतो तर मी डोंगर पाहिलाच नाही, भांडी पाहिली. ह्यांना कसं पटवू? आणि म्हातारं माणूस नि लहान पोर घेऊन हे सगळं जमवायचं कसं? – भांडीवाली"

भांडीवाली ताई, पत्र वाचून मी हसलो. मग बायकोने खांद्यावरून डोकावून वाचलं, ती नाही हसली. म्हणाली "ह्या बाईला नीट उत्तर दे, कारण तिचा नवरा म्हणजे तू आहेस, दहा वर्षांपूर्वीचा." खरंय. मी पण त्याच गटातला होतो, चूल पेटवली की झालं कॅम्पिंग, बाकी पाणी कोण आणतंय, कांदा कोण चिरतंय, करपलेलं पातेलं थंड पाण्यात कोण घासतंय हे मला दिसायचंच नाही, कारण मी तेव्हा शेकोटीपाशी बसून वातावरण निर्माण करत असायचो. त्यामुळे खालचं सगळं एका सुधारलेल्या (बायकोच्या मते सुधारत असलेल्या) माणसाकडून आलेलं समजा.

आधी पटवायचा मुद्दा. वाद घालू नका, हिशोब मांडा. चार रात्री म्हणजे चार रात्रीची जेवणं, चार नाश्ते, चार दुपारची जेवणं, झाली बारा. गुणिले सहा माणसं, 72 ताटं. वर पातेली, कढई, चमचे, चहाचे मग वेगळे. पाणी धरा, पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी चार-पाच लिटर तरी, म्हणजे रोज 25 ते 30 लिटर कोणीतरी उचलून आणायचं, नळ जवळ असेल तर ठीक, नसेल तर वीस लिटरचा कॅन चढावर आणून बघावा एकदा. हे सगळं एका कागदावर लिहा, प्रत्येक कामापुढे नावाची जागा रिकामी ठेवा आणि कागद ह्यांच्या हातात द्या, म्हणा भरा नावं. सगळीकडे तुमचंच नाव लिहायला माणूस जरा तरी कचरतो. माझ्यासमोर असाच कागद आला होता, मी दोन ओळी भरल्या आणि म्हणलं बरं दुपारचं बाहेर जेवू.

आणि हाच माझा सल्ला आहे, बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं: दुपारचं मोठं जेवण बाहेर, सकाळ आणि रात्र कॅम्पवर आणि तीही अगदी साधी. ह्यांना त्यांची शेकोटी मिळते, तुम्हाला तुमचं हॉटेल, ताटं 72 ची 48 होतात.

दुपारच का, रात्री का नाही, हे नीट सांगतो कारण इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. लोकांना वाटतं दिवसभर फिरू आणि रात्री मस्त बाहेर जेवू. डोंगरात रात्रीचं बाहेर जेवण म्हणजे अंधारात वळणांचा रस्ता, पाच वर्षाचं पोर जेवण यायच्या आधीच टेबलावर झोपलेलं, आणि परत आलात की गार पडलेला तंबू आणि चेन कुठेय ते टॉर्चने शोधणं. शिवाय अंधार तुमच्या मोबाईलमधल्या सूर्यास्ताच्या वेळेला होत नाही, पश्चिमेला उंच कडा असेल तर ऊन तासभर आधीच गायब होतं आणि त्याबरोबर ऊबही. म्हणून दिवसाचा प्लॅन उलटा करायचा, संध्याकाळकडून मागे. ऊन जायच्या दोन-अडीच तास आधी कॅम्पवर पोचलेलं पाहिजे, त्याच्या आधी प्रवास, त्याच्या आधी जेवण, म्हणजे साडेबारा-एकला टेबलावर बसलेलं पाहिजे.

साडेबारा म्हणजे साडेबाराच हां. आम्ही एकदा "अजून एक पॉइंट बघू" करत करत साडेतीनला पोचलो एका जागी. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या, शेगडी थंड, मालकीणबाई फरशी पुसत होत्या आणि त्यांनी पोछा न थांबवता नुसती मान हलवली. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा, काचेच्या बरणीतल्या शेवटच्या दोन बिस्किटांकडे असा बघत होता की त्याच बाईंनी पोछा ठेवून ती काढून दिली. पुढचं उघडं हॉटेल दीड तासावर होतं. तो दीड तास गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही. चूक आमची होती, छोट्या जागी दुपारचं जेवण अंदाजाने बनवतात आणि संपलं की संपलं.

त्यामुळे आधी फोन करायचा. दोन शेगड्यांच्या हॉटेलात सहा माणसं अचानक उगवली की त्यांचीही तारांबळ आणि तुमचीही पाऊण तास वाट. सकाळीच कॅम्पवरून निघताना, रेंज आहे तोवर, सांगून टाका, सहा जण, एक वाजता, एक लहान मूल, तिखट कमी लागेल. आणि आज उघडं आहे ना हेही विचारा, सीझन नसेल तर डोंगरातली अर्धी हॉटेलं बंद असतात आणि ऑनलाइन मात्र उघडी दिसतात. कॅश ठेवा, तिथे नेट गेलं की कार्ड नि फोन दोन्ही शोभेचे. आणि काय खायचं हे मेनूकार्डात शोधत बसू नका, "आज ताजं काय केलंय" एवढंच विचारा, तुम्हाला तिकडचं खायचंय ना, मग तेच येईल ताटात.

आता सासूबाईंचं पोट. त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नका, पण अर्धवट आहे ती. सहलीत पोट बिघडतं ते बऱ्याचदा आपल्याच हातांनी आणि आपल्याच डब्यांनी. जंतू वाढतात ते साधारण 5 ते 60 डिग्रीच्या मधल्या तापमानात, म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये म्हणतात, आणि हवा 32 डिग्रीच्या वर असेल तर एकच तास. आता तुमच्या घरून बनवून आणलेल्या भाजीचा डबा आठवा, सकाळी सहाला भरलेला, डिकीत उन्हात, दुपारी दोनला उघडलेला. त्यापेक्षा समोर उकळत असलेलं, वाफ निघतेय असं ताट कधीही बरं. हे सासूबाईंना तुम्ही नाही, नणंदेने सांगायचं. लेकीने सांगितलेलं पटतं, सुनेने सांगितलेलं "तुम्हाला कंटाळा आलाय स्वयंपाकाचा" असं ऐकू येतं (आणि ते खरं पण आहे, पण जाऊदे).

हॉटेल निवडताना मी फार कडक नियम लावत नाही. गर्दी आहे का, म्हणजे अन्न संपतंय आणि नवीन होतंय. पदार्थ कमी आहेत का, चाळीस पदार्थ लिहिलेल्या छोट्या हॉटेलाची मला भीती वाटते, पाचवाल्याची नाही. गरम गरम येतंय का. कच्ची कोशिंबीर, बर्फ आणि जगमधलं पाणी सोडायचं, पाणी आपली बाटली. बस्स. आणि हात साबणाने धुवायचे, नुसतं सॅनिटायझर चोळून भागत नाही, उलट्या-जुलाबाचा एक नेहमीचा व्हायरस आहे नोरोव्हायरस, तो सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही, साबण नि पाणी लावून हात चोळले की निघून जातो. एक साबणाची वडी जुन्या मोज्यात घालून नळाला बांधून ठेवा, पोरं आपोआप धुतात, गंमत वाटते त्यांना.

आता कॅम्पवरचा स्वयंपाक. इथे ह्यांना एक धक्का बसणारे, आधीच सांगून ठेवा. 2400 मीटरवर पाणी 100 ला उकळत नाही, साधारण 92 डिग्रीलाच उकळायला लागतं, कारण हवेचा दाब कमी, दर 300 मीटरला जवळपास एक डिग्री कमी होत जाते. बुडबुडे दिसतात, माणूस खूश होतो आणि डाळ मात्र तासाभराने पण दाताखाली कचकच. कडधान्य, डाळ, मोठे बटाटे, हे सगळं कुकरशिवाय विसरा. रात्रीसाठी एका पातेल्यात होणारं, दहा-पंधरा मिनिटांत शिजणारं काहीतरी, भाज्या घरूनच चिरून आणलेल्या आणि आईसबॉक्समध्ये बर्फाला चिकटून ठेवलेल्या. सकाळी तर फक्त गरम पाणी लागेल असं काहीतरी, मगमध्येच खायचं, ताट नको. झऱ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी उकळूनच प्या, आणि 2000 मीटरच्या वर नुसती उकळी पुरत नाही, खळखळून तीन मिनिटं ठेवा.

गॅसचं पण बघा. साध्या ब्युटेनचा डबा असेल तर शून्य डिग्रीच्या आसपास त्याचा वायूच होईनासा होतो, डबा हलवला तर आत गॅस आहे, शेगडी मात्र फुरफुर करून बसते. पहाटे सहाला चहासाठी सगळे वाट बघत असताना हे होतं, बरोबर तेव्हाच. प्रोपेन किंवा आयसोब्युटेन मिसळलेला डबा घ्या, थंडीसाठीचा म्हणून मिळतो, आणि वापरायच्या आधी जॅकेटमध्ये गुंडाळून जरा ऊबेला ठेवा. डब्याला खालून आच देऊन गरम करायचा उद्योग कोणी करू नये, तुमचे हे करतील असं मला का कोण जाणे वाटतंय, म्हणून लिहिलं.

आणि एक गोष्ट जिथे मी अजिबात ऐकून घेणार नाही. पाऊस आला, गारठा वाढला, काही झालं तरी शेगडी, निखारे, कोळशाची शेगडी तंबूच्या आत नाही म्हणजे नाही. आत कार्बन मोनॉक्साईड साचतो, वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस उठतच नाही. विझलेत असं वाटणारे निखारे सुद्धा तो सोडत असतात. तंबूच्या पडवीतही नको.

भांड्यांबद्दल, कारण सही तुम्ही भांडीवाली म्हणून केलीय. धुवायच्या आधी प्रत्येकाने आपलं ताट कागदाने पुसून काढायचं, तो कागद कचऱ्याच्या पिशवीत. निम्मं काम तिथेच संपतं. ओढ्यात भांडी घासायची नाहीत, पाण्यापासून निदान 60 मीटर लांब, बादलीत. ताट प्रत्येकाचं स्वतःचं, पाच वर्षाच्या पोराचं पण, तो वाईट धुवेल, धुऊदे. पातेलं ह्यांच्याकडे. अकरा वर्षाच्या मुलीकडे खऱ्या जबाबदारीचं काम द्या, पाण्याचा हिशोब किंवा झोपायच्या आधी सगळं खाणं गाडीत गेलं का बघणं. तंबूत बिस्किटाचा पुडा पण ठेवायचा नाही, उंदीर तंबू कुरतडून आत येतात आणि ते आले तरी नशीब समजा, मोठं कोणी आलं नाही म्हणून. अस्वलं असतील अशा भागात तर कॅम्पवाल्यांना विचारा, कुठे गाडीत चालतं, कुठे त्यांच्या लोखंडी पेटीतच ठेवावं लागतं.

सासूबाईंची झोप हा मला जेवणापेक्षा मोठा प्रश्न वाटतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवरून उठणं म्हणजे शिक्षा, रात्री दोनदा बाथरूमला जायचं म्हणजे दुप्पट. त्यांच्यासाठी फोल्डिंग खाट घ्याच, ज्यावरून पाय खाली सोडून उभं राहता येतं. पण नुसत्या खाटेवर खालून गार हवा फिरते आणि पाठ गारठते, वर जाड मॅट पाहिजेच, हे लोक विसरतात. तंबूत त्यांची जागा दाराजवळ, टॉर्च उशाशी, बाथरूमपर्यंतची वाट दिवसा एकदा त्यांच्याबरोबर चालून बघा, दोऱ्या नि खुंट्या कुठे आहेत ते दाखवा, सगळ्यात जास्त लोक तिथेच अडखळतात. बीपीच्या गोळ्या नि इतक्या उंचीबद्दल निघायच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्या, फोनवर पण चालेल. उंचीचा त्रास साधारण 2500 मीटरच्या पुढे दिसायला लागतो, तुम्ही अगदी काठावर आहात, आणि फिरायला वर जाल तेव्हा ओलांडाल. डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं. पाच वर्षाचं पोर हे सांगणार नाही, ते नुसतं किरकिर करेल आणि सगळे म्हणतील हट्टी झालाय. अशी लक्षणं दिसली तर वर चढायचं नाही, वाढली तर खाली उतरायचं, उद्या बघू नाही.

थंडीचा अंदाज घरच्या हवामानावरून बांधू नका. दर 1000 मीटरला सरासरी साडेसहा डिग्री कमी, म्हणजे तुमच्या कॅम्पवर समुद्रकाठच्या गावापेक्षा पंधरा-सोळा डिग्री कमी, आणि ते सुद्धा नुसतं उंचीमुळे, रात्रीचा गारठा वेगळा. स्लीपिंग बॅगवर दोन-तीन आकडे असतात, तुम्ही कम्फर्टवाला बघा. एक्स्ट्रीम म्हणून जो आकडा मोठ्या दिमाखात छापतात तो झोप लागायचा नाही, जीव वाचायचा आकडा आहे. पोराला मोठ्यांची बॅग देऊ नका, आतली रिकामी जागा गरम करण्यात त्याची ऊब जाते, आणि मोठीच असेल तर खालचा भाग दुमडून बांधा. तंबू ओढ्याकाठच्या खोलगट हिरवळीवर लावायचा मोह होतो, फोटो छान येतो, पण थंड हवा जड असते, रात्री उतारावरून पाण्यासारखी खाली येऊन तिथेच साचते. पंधरा-वीस मीटर वर सरका. आणि गारठा म्हणून तंबूच्या खिडक्या गच्च बंद करू नका, सगळ्यांच्या श्वासाची वाफ आतून कापडाला लागते आणि पहाटे अंगावर टपटप. आमच्या पहिल्या ट्रिपला मी पहाटे चारला उठून तंबूवाल्याच्या नावाने शिव्या घातल्या होत्या, गळका दिला म्हणून. बाहेर येऊन बघितलं तर आकाश निरभ्र, एक थेंब पाऊस नाही.

गाडीचं थोडक्यात. गाडी लागणं लहान मुलांत जास्त, पोराला असं बसवा की समोरच्या काचेतून लांबचा रस्ता दिसेल, मोबाईल-टॅब वळणांवर बंद. पोटभर जेवून लगेच वळणं घेऊ नका, हॉटेलात जेवल्यावर अर्धा तास तिथेच रेंगाळा, सासूबाईंचे पाय पण मोकळे होतील. उतारावर ब्रेक दाबून धरू नका, खालच्या गिअरमध्ये उतरा, हे ह्यांना माहीत असेलच पण सांगा.

दुपारी जेवणाच्या निमित्ताने छताखाली असण्याचा अजून एक फायदा म्हणजे उन्हाळ्यात डोंगरावर ढग जमतात ते दुपारीच. वीज चमकली की सेकंद मोजा, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद करून गाडीत बसा, तंबूत नाही, तंबू विजेपासून काहीच वाचवत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच.

आता मी एक सुचवतो, ह्यांना आवडणार नाही. चार रात्रींतली तिसरी रात्र तंबूत नको, जवळच्या गावात एक खोली घ्या. गरम पाण्याची अंघोळ, फोन चार्ज, ओले कपडे वाळतात, सासूबाईंची पाठ सरळ होते, आणि त्या एकाच दिवशी रात्रीचं जेवण पण बाहेर, कारण परत पायी चालत येता येतं, अंधारात गाडी नाही. चौथ्या रात्री परत तंबूत जायला मुलं उड्या मारत तयार असतात. सलग चार रात्री काढल्या की चौथ्या दिवशी सगळे नुसते घरी जायची वाट बघत असतात, मी पण. ह्यांनी "मग ते कॅम्पिंग नाही" म्हटलं तर तिसऱ्या रात्री त्यांना एकट्याला तंबूत राहू द्या, राखणीला. माझ्या बायकोने मला ही ऑफर दिली होती. मी खोलीत झोपलो.

आणि निघताना भांडी घासायचे स्पंज दोन घ्या, वेगवेगळ्या रंगाचे, एकावर ह्यांचं नाव मार्करने लिहून.